अणुभट्टी फ्रान्सकडून घ्यायची, तर तिथली समितीही घ्या

जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पावर महाराष्ट्रात पंधरा-वीस वर्षे वाद चालू आहे आणि तो जवळजवळ सगळा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: प्रकल्प व्हावा की होऊ नये. नागपुरात हा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. कोणी म्हणतो, कोकणातल्या लोकांना काहीच नको असते. कोणी म्हणतो, असला धोका उशाशी घेऊन कोण झोपेल? मला यातल्या कुठल्याच सुरात सूर मिसळायचा नाही. असा प्रकल्प उभा राहायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि पुढे तो साठ वर्षे चालतो. त्या साठ वर्षांत मोजमाप कोण करणार, ते आकडे कोणाच्या हाती राहणार, काही बिघडले तर भरपाई कोण देणार, हे आधी ठरलेले नसेल तर नुसत्या ‘हो’ आणि ‘नाही’ला काही अर्थ नाही. आणि हे बोलण्याचा नागपूरकरांना पुरेपूर अधिकार आहे, कारण वीजकेंद्र चालते तेव्हा शेजारच्या माणसाचे काय होते हे आपण पन्नास वर्षे पाहत आलो आहोत.

कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. मग खापरखेडा आले, मौदा आले. दक्षिणेला चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे केंद्र आहे. कोळसा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या) खाणींतून निघतो, तो इथेच जळतो, राख इथेच पडते आणि वीज मोठ्या तारांवरून मुंबई-पुण्याच्या पट्ट्याकडे जाते. राज्याला वीज लागते, ती कुठेतरी तयार करावीच लागणार, यात वाद नाही. पण ती कशी तयार होते हे राखेच्या तलावाशेजारी राहिल्याशिवाय कळत नाही.

माझ्या मावशीचे घर अशाच एका तलावापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर आहे. उन्हाळ्यात कुरडया, मुगवड्या घालायच्या तर ती आधी वारा कुठून येतो ते बघते. तलावाकडून वारा असला की त्या दिवशी चीक शिजतच नाही. खाटेवर जुने पातळ अंथरून कुरडया घातल्या आणि दुपारी वारा फिरला, तर वर करड्या पिठासारखा थर बसतो. तो झटकून जात नाही, कारण कुरडई तोवर ओलीच असते. मग सगळा घाणा गुरांपुढे. सांदवाडीतल्या टाक्याला दुहेरी फडके बांधलेले असते आणि ते दर आठवड्याला धुवावे लागते. तिने याबद्दल तक्रार केली होती. उत्तर आले की हवेतील धुळीचे प्रमाण मर्यादेच्या आत आहे. मोजले कोणी, कुठे, कोणत्या दिवशी, वारा कोणत्या दिशेचा होता, यातले काहीही त्या कागदावर नव्हते.

हे घरचे झाले. सार्वजनिक नोंदीतल्या दोन गोष्टी सांगतो. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राखेचे पाणी कोलार नदीतून कन्हानकडे गेले. कन्हान म्हणजे नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा एक मुख्य आधार. दुसरी गोष्ट अधिक संथ आहे आणि म्हणूनच अधिक गंभीर. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांच्या धुरातील गंधकाच्या वायूवर मर्यादा घातली आणि ती गाठायला दोन वर्षे दिली. दोन वर्षांची मुदत मग वाढली, पुन्हा वाढली, वाढतच राहिली. जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यासाठीची यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली आणि मोठ्या शहरांलगतच्या केंद्रांची मुदत २०२७च्या अखेरीस गेली. परवानगी देताना लिहिलेल्या अटी चांगल्याच असतात. त्या झिजतात पुढे, केंद्र चालू असताना, जेव्हा बातमीदार निघून गेलेले असतात आणि शेजारचे लोक एकटे उरलेले असतात.

आता आपल्या स्वार्थाचे बोलू, कारण तो लपवून नागपूरकराने जैतापूरवर मत देणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारायचा प्रस्ताव आला, त्याची जनसुनावणी मे २०२३ मध्ये झाली, त्याला विरोधही झाला. विरोध योग्यच होता. पण राज्याला रात्रीची वीज लागते. सूर्य मावळल्यावर सौरऊर्जा थांबते. साठवणीचे उपाय येत आहेत, स्वस्तही होत आहेत, पण येत्या पंचवीस-तीस वर्षांची महाराष्ट्राची सगळी रात्र त्यांवर निघेल असे मला वाटत नाही. मग उरतो कोळसा आणि उरतो अणू. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने २०१४ साली मांडलेल्या हिशेबात कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि अणुविजेच्या एका युनिटमागे, खाणीपासून मोडतोडीपर्यंत सगळे धरून, सुमारे १२ ग्रॅम येतो. राख तर शून्य. शिवाय कोरडवाहू विदर्भात वीजकेंद्राला पाणी पुरवणे हीच एक कसरत आहे. कोराडीला शहराचे सांडपाणी शुद्ध करून द्यावे लागते. समुद्रकाठी तो प्रश्न नसतो. या सगळ्यामुळे मी अणुविजेच्या बाजूचा आहे. आणि नेमके म्हणूनच मला अस्वस्थ वाटते. आपल्या कुरडयांवरची राख जावी म्हणून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर भट्टी लावा, असे म्हणताना आपण तेच करतो आहोत जे मुंबई-पुण्याने आजवर आपल्याशी केले. ते करायचेच असेल, तर निदान आपल्याला जे मिळाले नाही ते त्यांना मिळवून देणे आपले काम आहे.

जैतापूर म्हणतात तो प्रकल्प राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, व्हायचा आहे. प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. एवढे मोठे अणुवीज केंद्र आज जगात कुठेही चालू नाही. माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल या भागातली सुमारे ९३८ हेक्टर जमीन त्यासाठी घेतली गेली. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने ३५ अटी घालून मंजुरी दिली, डिसेंबरमध्ये फ्रान्सच्या अरेवा कंपनीशी करार झाला. पुढच्याच मार्चमध्ये जपानमध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना घडली. १८ एप्रिल २०११ रोजी आंदोलकांवर गोळीबार झाला आणि साखरी नाटे या गावाचा एक तरुण मच्छीमार मारला गेला. नंतर अरेवा डबघाईला आली आणि तिचा अणुभट्ट्यांचा व्यवसाय फ्रान्सच्याच इडीएफ या सरकारी वीज कंपनीने घेतला. २०१८ मध्ये इडीएफशी नवा करार झाला, २०२१ मध्ये तिने तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला, आणि सडा अजून रिकामा आहे.

या साऱ्यात नागपूरचा थेट हात आहे, हे इथे फार जणांना ठाऊक नसते. त्या किनाऱ्याचा पर्यावरण परिणाम अहवाल आपल्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) केला. म्हणजे माडबनच्या समुद्राचे काय होईल हे त्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या आपल्या शहरातल्या संस्थेने लिहिले. त्यात गैर काही नाही, शास्त्र कुठूनही करता येते. पण मे २०१० मध्ये माडबनला जनसुनावणी झाली तेव्हा अहवालाची मराठी प्रत वेळेत हाती पडली नाही, ही गावकऱ्यांची तक्रार होती. ज्या माणसाच्या जाळ्याबद्दल अहवाल आहे त्याने तो वाचायचा कसा?

समुद्राचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, कारण किरणोत्साराच्या भीतीत तो झाकला जातो. अणुभट्टीत जेवढी उष्णता तयार होते तिच्यातल्या साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. उरलेली दोन तृतीयांश कुठेतरी सोडावीच लागते. किनाऱ्यावरचे केंद्र ती समुद्रात सोडते: एका बाजूने पाणी ओढायचे, वाफ थंड करायची, आणि काही अंशांनी तापलेले तेच पाणी दुसरीकडे परत द्यायचे. जैतापूरचे सहाही संच चालले तर हे पाणी दिवसाला सुमारे ५२,००० दशलक्ष लिटर भरेल. सगळ्या नागपूरला रोज सातशेच्या आसपास दशलक्ष लिटर पाणी लागते. यावरून अंदाज घ्यावा. ओढलेल्या पाण्याबरोबर माशांची अंडी, पिल्ले, कोळंबीची पिलावळ येते. बारीक जाळीतून जे निसटते ते गरम नळ्यांतून जाते. नळ्यांत शिंपले-कालवे धरू नयेत म्हणून पाण्यात क्लोरीन मिसळतात, त्याचा अंशही बाहेर पडतो. समुद्रही आपल्या बाजूने उत्तर देतो: ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या ग्रावलिन केंद्रात जेलीफिशचे थवे पाणी ओढणाऱ्या यंत्रणेत अडकले आणि चार भट्ट्या बंद झाल्या.

साखरी नाट्याच्या बंदरावरचे सारे घरदार बांगडा, तारली, सुरमई, कोळंबीवर चालते. तापलेल्या पाण्याने मासा किती सरकेल, कुठे सरकेल? खोल समुद्रात, मोठ्या प्रवाहात, कदाचित फरक जाणवणारही नाही. खाडीच्या तोंडाशी जाणवू शकतो. याचे उत्तर प्रत्येक किनाऱ्याचे वेगळे असते आणि ते मोजूनच मिळते. इथे एक अन्याय घडून गेलेला आहे. भूसंपादन जमिनीचे होते, समुद्राचे होत नाही. २०१३ मध्ये जमीनधारकांची भरपाई हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत वाढवली गेली. मच्छीमाराच्या नावावर मात्र सातबारा नसतो. त्याचे वावर पाण्यात आहे. उद्या मासा कमी झाला असे तो म्हणाला तर त्याला विचारले जाईल, आधी किती होता ते दाखव. ते दाखवायला त्याच्याजवळ काय आहे?

म्हणून मोजमाप हा माझ्या मते या प्रकल्पाचा कणा आहे. मोजमाप होत नाही असे नाही. देशातल्या प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते, ती केंद्र सुरू होण्याआधीपासून माती, पाणी, मासे, दूध तपासते. काम कसोशीने होते, ते करणाऱ्यांच्या निष्ठेवर मला शंका नाही. पण केंद्र चालवणारे अणुऊर्जा खाते, मोजणारे त्याच खात्याचे. त्यावर देखरेख ठेवायला १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ आले, तेही वर्षानुवर्षे त्याच खात्याच्या प्रमुखांच्या आयोगाला उत्तरदायी राहिले. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी या मंडळाच्या स्वायत्ततेवर स्पष्ट बोट ठेवले होते. आता डिसेंबर २०२५च्या नव्या ‘शांती’ कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला आहे, हे चांगले झाले. पण त्याच कायद्यात माहिती गोपनीय ठरवण्याचे सरकारचे अधिकारही भक्कम आहेत.

आकडा घरातच राहिला की काय होते हे फुकुशिमाने दाखवले. लोक त्या दुर्घटनेला निसर्गाचा कोप म्हणतात. केंद्र चालवणाऱ्या टेपको कंपनीच्या अंतर्गत हिशेबात २००८ सालीच आले होते की तिथे १५.७ मीटरपर्यंत लाट चढू शकते. भिंत त्यापेक्षा कितीतरी ठेंगणी होती आणि डिझेल जनित्रे तळघरात होती. तो आकडा तीन वर्षे कंपनीच्या कागदपत्रांत पडून राहिला. त्याच भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ असलेले ओनागावाचे केंद्र मात्र वाचले, कारण ते बांधणाऱ्यांनी जागाच उंचावर घेतली होती. आपल्याकडेही २००४च्या त्सुनामीत कल्पाक्कमच्या पंपघरात पाणी शिरले आणि चालू भट्टी सुरक्षित बंद करण्यात आली. ते श्रेय तिथल्या कामगार-अभियंत्यांचे आहे. आपली माणसे कमी पडत नाहीत. कमी पडते ते उघड बोलणे. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी कुडनकुलम केंद्राने सांगितले की संगणक यंत्रणेवर हल्ला होणे शक्यच नाही. दुसऱ्या दिवशी अणुवीज महामंडळाने मान्य केले की प्रशासकीय कामाच्या एका संगणकात घातक प्रणाली सापडली होती. भट्टीला धोका नव्हता, हे खरे. पण पहिल्या दिवशीचा नकार लोक विसरत नाहीत. पुढचा खरा खुलासाही मग त्यांना खोटा वाटतो.

आता फ्रान्सकडे वळू. तिथे ५७ अणुभट्ट्या आहेत आणि देशाची जवळपास दोन तृतीयांश वीज त्यांतून येते. अणुविजेला विरोध करणारा देश म्हणून कोणी त्याच्याकडे बोट दाखवणार नाही. त्या देशात प्रत्येक अणुकेंद्रापाशी एक स्थानिक माहिती समिती असते. १९८१ पासून ती पद्धत होती, २००६च्या पारदर्शकता कायद्याने ती सक्तीची झाली. समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके स्थानिक लोकप्रतिनिधी, त्यांच्याबरोबर पर्यावरण संघटना, कामगार संघटना, तज्ज्ञ. केंद्राने तिच्या प्रश्नांना उत्तर द्यायचे, हा कायदा आहे. तिला स्वतःचे तज्ज्ञ नेमून वेगळी तपासणी करून घेता येते. वर्षातून एकदा तरी खुली सभा घ्यावी लागते, जिथे गावातला कोणीही उभा राहून विचारू शकतो. याशिवाय चेर्नोबिलनंतर, १९८६ मध्ये, नागरिकांनी स्वतःच्या प्रयोगशाळा काढल्या; नॉर्मंडीतली ‘आक्रो’ किनाऱ्यावरचे पाणी आणि शेवाळ तपासते, आणि तिचे आकडे सरकारी आकड्यांशेजारी ठेवून पाहता येतात. केंद्राभोवतीच्या घरांत आयोडीनच्या गोळ्या आधीच वाटून ठेवतात, आणि २०१९ मध्ये ही हद्द १० किलोमीटरवरून २० वर नेली.

जैतापूरला जी भट्टी यायची आहे तीच फ्रान्समध्ये फ्लामानव्हिल इथे समुद्रकाठी उभारली गेली. एप्रिल २०१५ मध्ये तिथल्या नियामकाने स्वतःहून जाहीर केले की भट्टीच्या पात्राच्या पोलादात, तळाला आणि झाकणात, कार्बनचे प्रमाण काही जागी हवे त्यापेक्षा जास्त आहे. पुढे जोडकामातले दोष निघाले, तेही जाहीर झाले. झाकण बदलण्याची अट घातली गेली. २०२२च्या उन्हाळ्यात नद्या तापल्या तेव्हा पाच केंद्रांना पाणी सोडण्याच्या तापमानात तात्पुरती सूट दिली गेली. म्हणजे अटी तिथेही सैल होतात. पण कोणत्या केंद्रासाठी, किती दिवस, हे लोकांसमोर छापून येते. खसाळ्याच्या बंधाऱ्याची डागडुजी शेवटची कधी झाली होती हे बंधारा फुटायच्या आधी नागपुरात कोणाला सहज पाहता येत होते का? चार वेगवेगळ्या सुरक्षा यंत्रणा, दुहेरी कवच, वितळलेले इंधन धरून ठेवणारा तळ, हे सगळे आपण फ्रान्सकडून घेऊ पाहतो. त्या देशाने लोकांना दिलेला प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र करारात कुठेच नाही. माझा आक्षेप हा आहे.

काही जण म्हणतील, या समित्या फक्त सल्ला देतात, भट्टी बंद करण्याचा अधिकार त्यांना नाही. बरोबर आहे. फ्रान्समधल्या अनेक कार्यकर्त्यांचीही हीच तक्रार आहे. तरी ज्या गावात दर वर्षी केंद्रप्रमुखाला माईकसमोर उभे राहावे लागते, आणि ज्या गावात तक्रारीचे उत्तर तीन ओळींच्या पत्राने मिळते, ती दोन गावे सारखी नाहीत. दुसरा आक्षेप अधिक ऐकू येतो: असल्या समित्यांनी काम रखडेल. जैतापूरला कोणतीही समिती नसताना पंधरा वर्षे गेली. रखडले ते पैशांमुळे आणि जबाबदारीच्या वादामुळे.

पैशांचे थोडक्यात सांगतो, कारण इथे मतभेदाला फार जागा नाही. फ्लामानव्हिलचे काम २००७ मध्ये सुरू झाले, अंदाज होता ३.३ अब्ज युरोंचा. ती वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, खर्च १३.२ अब्जांवर गेल्यावर. व्याज वगैरे धरून तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयाने २०२५च्या आरंभी हा आकडा सुमारे २३.७ अब्ज सांगितला. फिनलंडमधल्या याच प्रकारच्या भट्टीचे काम २००५ मध्ये सुरू झाले आणि तिची नियमित वीज यायला २०२३ उजाडले. चीनमधल्या तैशानच्या दोन त्यामानाने लवकर उभ्या राहिल्या, त्यांतली एक २०२१-२२ मध्ये इंधनकांड्यांच्या बिघाडासाठी वर्षभर बंद होती. जैतापूरच्या विजेचा दर अजून लोकांसमोर नाही. परक्या कंपनीची महाग वीज घेतली तर काय होते हे महाराष्ट्राने दाभोळला अनुभवले. २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती वीज घेणेच थांबवले आणि त्याचा बोजा पुढे ग्राहकांवर राहिला. आपल्याच देशात काक्रापारला ७०० मेगावॉटचे स्वदेशी संच २०२३ आणि २०२४ मध्ये सुरू झाले आहेत. मला विचाराल तर माडबनच्या सड्यावर सहा अवाढव्य परदेशी भट्ट्यांऐवजी आधी दोन स्वदेशी संच उभारून पाहावेत. समुद्रावरचा भारही तेवढा कमी होईल आणि मोजायला वेळ मिळेल.

आता जबाबदारी. २०१०च्या कायद्यात केंद्र चालवणाऱ्याची भरपाईची मर्यादा १,५०० कोटी रुपये होती, पण यंत्र पुरवणाऱ्याचा दोष निघाला तर त्याच्याकडून वसूल करण्याची वाट कलम १७ मध्ये होती. भोपाळच्या जखमेमुळे ते कलम आले होते. परदेशी कंपन्यांना ते नको होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ कायदा केला आणि ते कलम गेले. पुरवठादाराकडून वसुली आता करारात तसे लिहिले असेल तरच, किंवा त्याने जाणूनबुजून नुकसान केले असेल तर. मोठ्या भट्टीसाठी मर्यादा ३,००० कोटी झाली. फुकुशिमानंतर टेपकोने वाटलेली भरपाई रुपयांत पाच लाख कोटींच्या वर गेली आहे. या दोन आकड्यांतली दरी एवढी मोठी आहे की तिच्यावर वाद घालायचीही गरज नाही. आणि त्यातही माणसाला भरपाई मिळेल ती त्याने नुकसान सिद्ध केल्यावर. साखरी नाट्याच्या मच्छीमाराला ते सिद्ध करायला आजच्या समुद्राची नोंद लागेल, जी त्याच्या हाती नाही.

ती नोंद आजपासून सुरू करता येते. सड्यावर अजून एकही भट्टी नाही, त्यामुळे आजचे पाणी, आजचे तापमान, आजची मासळी हाच खरा आधार ठरेल. राजापूर तालुक्यातल्या संबंधित ग्रामपंचायती, मच्छीमार सहकारी संस्था, आंबा बागायतदार आणि जवळच्या महाविद्यालयांचे शिक्षक यांची समिती कायद्याने स्थापन व्हावी. तिला स्वतःची प्रयोगशाळा हवी. खाडीच्या तोंडाशी तापमापक तरंगते ठेवून त्याचे आकडे बंदरावरच्या फलकावर दिसले पाहिजेत. बंदरात उतरलेल्या मासळीची रोजची वही संस्थेने ठेवावी आणि ती न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरली जावी. पैसा कुठून येईल? नऊ हजार नऊशे मेगावॉटचे केंद्र ऐंशी टक्के क्षमतेने चालले तर वर्षाला जवळपास सात हजार कोटी युनिट वीज होते. युनिटमागे एक पैसा बाजूला काढला तरी वर्षाचे एकोणसत्तर कोटी रुपये जमतात. मुंबई, पुणे आणि नागपूरच्या ग्राहकाला हा एक पैसा बिलात दिसणारही नाही. आणि हीच सोय कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरलाही व्हावी, हे ओघानेच आले. मावशीच्या गावाला कोणत्या दिवशी किती धूळ उडाली हे कळण्यासाठी अणुभट्टीची वाट का पाहावी?

नागपुरातून करण्यासारख्या गोष्टी बऱ्याच आहेत. नीरीने जैतापूरसाठी गोळा केलेली मूळ आकडेवारी, नुसते निष्कर्ष नव्हेत, मराठी टिपांसह खुली करावी. पुढच्या समुद्रमापनाशी ताडून पाहायला तिच्याशिवाय गत्यंतर नाही. आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी नागपुरातच आहे, किरणोत्साराच्या आपत्तीत काय करायचे हे शिकवणारे लोक इथे आहेत. त्यांनी माडबन-नाट्यात गावकऱ्यांबरोबर सराव घ्यावा, केंद्र मंजूर होण्याआधी घ्यावा, म्हणजे अरुंद रस्त्यांवरून, पावसाळ्यात, एवढी माणसे किती वेळात बाहेर निघतील हे कागदावर नव्हे तर प्रत्यक्षात कळेल. डिसेंबरात अधिवेशन इथे भरते, तेव्हा विदर्भातल्या आमदारांनी कोकणातल्या आमदारांच्या बरोबरीने या समितीचा मसुदा मांडावा. अणुऊर्जा हा विषय केंद्र सरकारच्या यादीतला असला तरी जमीन, पोलीस, मत्स्यव्यवसाय आणि वीजखरेदी यांत राज्याचा हात आहेच.

शेवटचा मुद्दा वीजखरेदीचाच. अणुविजेचा दर दिल्लीत ठरतो, पण महावितरणने ती वीज किती आणि कशी घ्यायची याला राज्य वीज नियामक आयोगाची मान्यता लागते. आयोगाच्या दरविषयक सुनावण्या नागपुरात वनामतीच्या सभागृहात होतात आणि कोणीही सामान्य ग्राहक तिथे लेखी म्हणणे देऊ शकतो. जैतापूरच्या विजेचा प्रस्ताव आयोगापुढे येईल तेव्हा माझ्या अर्जात दोनच मागण्या असतील: दर आणि बांधकामाचा वाढीव खर्च ग्राहकावर किती पडणार याची करारात लिहिलेली कमाल मर्यादा, आणि स्थानिक समिती व तिच्या प्रयोगशाळेसाठी युनिटमागे तो एक पैसा. या दोन गोष्टी करारात नसतील तर महावितरणने ती वीज घेऊ नये, असे मी लिहून देणार आहे. नागपुरातल्या ग्राहक संघटनांनी, उद्योजकांनी आणि राखेशेजारच्या ग्रामपंचायतींनीही आपापले अर्ज घेऊन यावे.